साखर कोणाच्या डब्यातली

"डबा उघडला का?"

ऑफिसात हे वाक्य दिवसभर माझ्या तोंडात असतं. इतकं, की चहाच्या वेळी कोणाला माझी नक्कल करायची असली तर मान तिरकी करून, नाकातून, हेच म्हणतात. करा बाप्पा, करा. ज्या दिवशी मी विचारायचं विसरते, त्या दिवशी कुठल्यातरी प्रोग्रामचा बट्ट्याबोळ झालेला असतो आणि निस्तरायला मीच बसते.

अमरावतीत राजापेठेच्या बाजूला, एका चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. आम्ही काही मोठं करत नाही. दालमिलचे रिपोर्ट, जिनिंगवाल्यांची कापसाची वजनं, रक्त तपासणाऱ्या लॅबची छापील पानं, असले प्रोग्राम लिहून देतो आणि पुढे वर्षानुवर्षं सांभाळतो. लिहिणं सोपं, सांभाळण्यात जीव जातो. कारण आमचा कुठलाच प्रोग्राम नुसता आमचा नसतो. तारखा वाचणं, तक्ते मांडणं ही कामं जगात दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. त्यांची ती तयार लायब्ररी आम्ही उचलतो आणि तिच्या जिवावर आपलं काम भागवतो. लायब्ररीवाले मात्र स्वस्थ बसत नाहीत. ते नवी आवृत्ती काढतात, तिच्यात जुनं काहीतरी बदललेलं असतं. अकोल्याच्या दालमिलला जुनी आवृत्ती लागते, अमरावतीच्या लॅबला नवी, आणि कॉम्प्युटरवर सगळ्यांची सामायिक जागा एकच. एकाचं भलं करायला गेलं की दुसरा बोंबलतो.

एकदा लॅबसाठी म्हणून नवी आवृत्ती टाकली आणि दालमिलच्या रिपोर्टात दिवस आणि महिना यांनी गुपचूप जागा बदलल्या. कुठे लाल अक्षर नाही, कुठे इशारा नाही. आत्ताच उतरवून घेतलेली तूर कागदावर भलत्याच महिन्यात जाऊन बसली. मिलच्या शेठजींचा फोन आला, "मॅडम, माल तो कल आया. आपका कम्प्युटर बोलता है के अभी आनाच है." त्यांना हसू येत होतं. मला रडू.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. प्रत्येक प्रोजेक्टला त्याची वेगळी जागा करून द्यायची. त्याच्या लायब्ररी, त्यांच्या त्याच आवृत्त्या, सगळं त्याच्यापाशी, दुसऱ्याच्यात मिसळायचं नाही. याला व्हर्च्युअल एन्व्हायरनमेंट म्हणतात. काम सुरू करण्याआधी ते चालू करावं लागतं, नाही केलं तर जे टाकाल ते सामायिक जागेत सांडतं. एवढं मोठं नाव दिवसभर कोण घेणार? आमच्याकडे त्याला डबा म्हणतात, आणि ते चालू करण्याला डबा उघडणं. हे नाव मी दिलं, आणि मला ते माझ्या बाबांवरून सुचलं.

बाबा अकोल्याचे. शाळेत गणित शिकवून रिटायर झाले, जठारपेठेत राहायचे. माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हापासून ते कधीही आले की सोबत स्टीलचा पुडाचा डबा आणायचे. वरच्या पुडात पोळ्या, मधल्यात भाजी, खालच्यात भात. पाण्याची बाटली वेगळी. एका कागदी पुडीत चहापत्ती आणि एका चपट्या डबीत साखर. आमच्याकडे जुनी रीत आहे, लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं खाऊ नये. पुष्कळ घरांतून ती रीत आता गेली आहे. जिथे आहे तिथेही वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न असतो. नातू झाला की आजोबा मांडी घालून पुरणपोळी हाणायला मोकळे.

मला लेकरू झालं नाही.

मग रीत संपायचं काही कारणच उरलं नाही. बाबा डबा आणत राहिले. आईने तिच्या परीने वाट काढली होती. ती ओट्यापाशी उभी राहून माझ्या कढईतली भाजी हातावर घ्यायची, दोनदा घ्यायची, तीनदा घ्यायची आणि बाबांनी बघितलं की म्हणायची, "जेवली कुठी मी? मीठ पाहिलं नुसतं." मीठ पाहता पाहता तिचं पोट भरायचं. बाबांना ते जमलं नाही. गणिताचा माणूस, त्यांचं उत्तर एकतर बरोबर, नाहीतर चूक.

माझ्या नवऱ्याला याचं काही वाटायचं नाही. तो उलट बाबांच्या डब्यावर ताव मारायचा. "बाबा, सासऱ्याच्या घरचं जावयाले चालते न?" म्हणत भाजीचा पुडा पुढे ओढायचा, आणि बाबा खूश होऊन त्याला वाढायचे. मी माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून हे बघायची. मला हसू यायला पाहिजे होतं. यायचंही कधी कधी.

तारखांचा तो घोळ झाला त्या दिवशी मी वैतागून घरी आले तर बाबा आलेले होते आणि माझ्या गॅसवर त्यांचा चहा करत होते. पातेलं माझं, गॅस माझा. चहापत्ती आणि साखर त्यांची. डोकं आधीच तापलेलं होतं, मी भांडण उकरून काढलं.

"बाबा, गॅस चालते तर साखर काहून नाई चालत? गॅसचे पैसे कोण देते?"

त्यांनी जराही न चिडता पातेलं हलवलं. "माय, सगळंच्या सगळं तर कोणी पाठीवर नाई आणू शकत. जागा तुही, गॅस तुहा, ते वापरतो. जे पोटात जाते ते माहं. कुठंतरी रेघ ओढाच लागते न."

बाबा मला माय म्हणतात. आमच्या भागात बाप लेकीला माय म्हणतो, बाई म्हणतो, त्यात काही विशेष नाही. रागावले तरी माय, लाडात आले तरी माय. मी कधी त्या शब्दाकडे लक्ष दिलं नव्हतं.

त्या वेळी मात्र मी दुसऱ्याच गोष्टीवर थबकले. व्हर्च्युअल एन्व्हायरनमेंट नेमकं हेच करतं. मूळ पायथन, ज्यात आमचे सगळे प्रोग्राम लिहिलेले असतात, तो कॉम्प्युटरवर एकदाच बसवलेला असतो, तोच सगळे वापरतात. वेगळ्या असतात त्या फक्त वरच्या लायब्ररी. गॅस सामायिक, साखर आपापली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांना बसवून बाबांचा डबा समजावून सांगितला. एका झटक्यात कळलं. इतके दिवस इंग्रजीतून सांगत होते, गाढवापुढे गीता चालली होती.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते खुशीत येऊन म्हणाले, "म्हणजे मी करतो तेच तुमी आता शिकून राहिले." मी हसले.

आई गेली. बाबा जठारपेठेत एकटे राहू लागले. त्यांना साखरेचा आजार बऱ्याच वर्षांपासून. त्यांच्या बाबतीत भीती साखर वाढण्याची कमी आणि एकदम उतरण्याची जास्त होती. गोळी घेतली आणि जेवायला उशीर झाला की घाम सुटतो, हात कापतात, माणूस भलतंच बोलायला लागतो. अशा वेळी ताबडतोब साखर तोंडात घालायची, दुसरं काही बघायचं नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला पाठ करून घेतलं होतं. एकदा ते जिन्यात बसलेले शेजारच्या काकूंना सापडले. घामाने भिजलेले, आणि काकूंनाच विचारत होते की शाळेची घंटा झाली का. डॉक्टर म्हणाले, आता यांना एकटं ठेवू नका.

आणि माझे नाकी नऊ आले. आठवड्यातून दोनदा अकोला, यष्टीने जा, यष्टीने या, मूर्तिजापूरला बस थांबली की खिडकीतून ऑफिसचे फोन. अकोल्याला स्वयंपाक करून ठेवा, अमरावतीला येऊन पुन्हा करा. मी बाबांना म्हटलं, चला माझ्याकडे. नाही म्हणाले. नवऱ्याने म्हटलं, नाही म्हणाले. शेवटी मी चिडून म्हटलं, "तुमी तिथी पडले तर मी काय करू? मले सांगा, काय करू?" तेव्हा ते तयार झाले, पण आपल्या अटीवर. स्वयंपाक वेगळा. आता पाहुणे नव्हते ना, कायमचे राहणार होते, मग गॅसही वेगळा. रेघ आणखी इकडे सरकली.

भांडायची ताकद नव्हती. मी म्हटलं, ठीक. आमच्या स्वयंपाकघरामागे, मधल्या दारापलीकडे, एक खोली होती, तिच्यात मी अकोल्याचं स्वयंपाकघर उचलून आणलं. टेम्पो केला. तीच फळी, त्याच क्रमाने तेच डबे, तिखटाचा, हळदीचा, साखरेचा. तोच तवा, तीच कुकरची शिट्टी. आई चिमटा जिथे अडकवायची त्या उंचीवर खिळा ठोकला. सगळं झाल्यावर मी दारात उभी राहून बघितलं तर हुबेहूब जठारपेठ. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. बाबा आत आले, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बेस."

पण त्यांना तिथे करमेना. पाण्याला चव नाही म्हणायचे. डाळ शिजत नाही म्हणायचे. डाळ तीच होती हो, अकोल्याचीच. सकाळी माझा आणि नवऱ्याचा डबा, मधल्या दारातून बाबांनी गोळी घेतली का बघणं, मग ऑफिस. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन कुकर शिट्ट्या मारायचे. लोक विचारायचे, बाबा आले, आता बरं झालं ना? मी म्हणायची, हो, फार बरं झालं. कोणाला काय सांगत बसायचं.

मग तो दिवस आला. आमच्या ऑफिसचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते स्वतः अकोल्याला दालमिलमध्ये नवा कॉम्प्युटर लावायला गेले. सर उत्साही माणूस. उत्साहाच्या भरात माझ्या सूचना न वाचणं हा त्यांचा जुना गुण. त्यांनी आदल्या दिवशी आपल्या कॉम्प्युटरवरचा दालमिलचा डबा, म्हणजे ते अख्खं एन्व्हायरनमेंट, जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. सकाळी फोन. "मॅडम, सगळं आणलं आहे, एक फाईल राहिली नाही, तरी चालतच नाही. शेठजी समोर बसले आहेत." बाजूने शेठजींचा आवाज, "आरामसे, आरामसे." माझ्या मनात आलं, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. मी पर्स उचलली आणि बसस्टँडवर गेले. निघताना मागच्या खोलीत डोकावले. बाबा पेपर वाचत होते. "जेवून घ्या वेळेवर," म्हटलं. "हाव, हाव. तू जाय."

दालमिलच्या ऑफिसात सगळ्या टेबलांवर डाळीची पिवळी धूळ होती, कीबोर्डवरही. सर घाम पुसत होते. मी डबा उघडायची आज्ञा दिली. कॉम्प्युटरने एक ओळ टाकली: अमुक पत्त्यावर पायथन नाही. तो पत्ता वाचला आणि मी डोक्याला हात लावला. तो आमच्या ऑफिसातल्या सरांच्या कॉम्प्युटरचा पत्ता होता, सरांच्या नावाच्या फोल्डरसकट. या बिचाऱ्या नव्या कॉम्प्युटरवर पायथन होता, चांगला बसवलेला होता, पण वेगळ्या जागी. डबा त्याच्याकडे बघतच नव्हता. तो अकोल्यात बसून अमरावतीच्या घराचं दार ठोठावत होता, आणि तिथे कोणी उघडत नाही म्हणून थांबला होता.

"सर, डबा असा उचलून नेता येत नाही," मी म्हटलं. "याच्या आत जागोजागी जुन्या घरचा पत्ता लिहिलेला असतो. काय काय लागतं तेवढं विचारून घ्यायचं आणि नव्या जागी नव्याने बांधायचा. दहा वेळा सांगितलं आहे."

"पण सगळं तर आणलं होतं हो," सर म्हणाले. खरोखर दुखावले होते बिचारे. मला चिमट्याचा खिळा आठवला.

जुना डबा पुसून टाकला, नवा बांधायला घेतला. मिलचं इंटरनेट कुथत कुथत चालत होतं. एकेक लायब्ररी उतरत होती आणि मी स्क्रीनकडे बघत भलताच हिशोब करत होते. जठारपेठेत घराच्या खालीच किराणा दुकान होतं. बाबांच्या डब्यातली साखर संपली की ते गॅलरीतून नुसतं "साखर" म्हणायचे, दुकानदार वर पाठवायचा. गिरणीवाला पीठ घरी आणून द्यायचा. शेजारच्या काकू दुपारी जेवला का म्हणून ओरडून विचारायच्या. मी डबे आणले होते. डबे भरणारं सगळं तिथेच राहिलं होतं. आमच्या गल्लीत बाबांनी कोणाला हाक मारायची?

तारखा जागेवर आल्या, तूर आपल्या महिन्यात बसली, शेठजींनी चहा पाजला. मी परतीची बस धरली. बडनेरा आल्यावर बाबांना फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला.

"बाबा, जेवले का?"

"कोण?"

"मी. मी बोलून राहिली."

"घंटा झाली का?" बाबा म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवरा नोकरीला नांदगाव खंडेश्वरला, त्याला निघायला सांगितलं, पण तो माझ्यानंतरच पोचणार होता. बडनेऱ्यातच बसमधून उतरून ऑटो केला. ऑटोवाल्याला काय काय बोलले मला आठवत नाही. त्याने गाडी हाणली एवढं खरं.

बाबा मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. बनियन भिजून अंगाला चिकटलेलं. हात थरथर कापत होते. समोर त्यांचा साखरेचा डबा, झाकण काढलेला, आतून लख्ख रिकामा. ते त्या डब्यात बोटं फिरवत होते. मधलं दार सताड उघडं होतं. तिथून माझा ओटा दिसत होता, आणि ओट्यावर माझा साखरेचा डबा, भरलेला.

मी माझ्या डब्यातून मूठभर साखर घेतली आणि त्यांच्या तोंडात कोंबली. त्यांनी हात वर केला. नको म्हणत होते की नुसता कापत होता, देव जाणे. मी तो हात धरून ठेवला आणि ओरडले, "खा! खा म्हणते न!" त्यांनी गिळली. पुन्हा घातली. पाणी पाजलं. माझंच पाणी. मग मी खाली फरशीवर बसून त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. हळूहळू बाबा त्या डोळ्यांत परत आले. बनियनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तू कवा आली?" म्हणाले.

तोपर्यंत मी घाबरलेली होते. आता संताप आला.

"साखर दिसत नव्हती तुमाले? समोर होती! मरून जान, पण लेकीची साखर नाई खान?"

बाबांनी मान हलवली. "तसं नाई, माय. डबा उघडला, रिकामा दिसला. अन् मंग पुढं कुठी पाहाव हे सुचलंच नाई. दुसरीकडं साखर असते हेच डोक्यात नाई आलं."

हट्ट असता तर बरं झालं असतं. हट्टाशी भांडता येतं. इतकी वर्षं ज्या घरातलं काही आपलं नाही असं मनाला शिकवलं, त्या घरातली साखर ऐन वेळी त्यांना दिसलीच नाही, याच्याशी मी कशी भांडणार? पण जीभ सुटली होती, ती थांबली नाही. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलून गेले.

"बाबा, तुमी दर वेळी डबा घेऊन येता न, तवा तो डबा मले सांगते का मले पोर नाई. गल्लीत सगळ्यांले सांगते. तुमी काई बोलत नाई, पण तो बोलते. मी थकली बाबा. पोरासाठी दवाखाने केले त्यानं नाई थकली, तेवढी तुमच्या डब्यानं थकली."

बाबांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं पुन्हा साखर उतरली. मग म्हणाले, "मी असं कधी मनात नाई आणलं वं." खरंच आणलं नसेल. ते रीत पाळत होते, दुसरं काही करत नव्हते. तेवढ्यात नवरा धापा टाकत आला, डॉक्टरांना फोन झाले, बोलणं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. सरांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, घरी काम आहे. अंग ठेचल्यासारखं झालं होतं. बाबांचा रिकामा डबा मी भरला नाही. माझ्या साखरेने भरला तर ते खाणार नाहीत, त्यांच्या पैशाने आणली तर मला खपणार नाही. तो तसाच फळीवर राहू दिला. माझ्या बाजूला वांग्याची भाजी केली, भाकरी टाकल्या. भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली नाही. मी कान देऊन ऐकत होते. गोळी घेतली असेल, जेवायला उशीर होतो आहे, आता जाऊन बोलावं लागणार आणि मग पुन्हा तेच, असं मनात येऊन मी तवा उतरवला.

वळून बघते तर बाबा मधल्या दारात उभे. हातात त्यांची ताटली.

"एक विचारू?" म्हणाले. शाळेत फळ्यापाशी उभं राहून विचारायचे तसं. "लेकीले लेकरू झालं का बापानं तिच्या घरी जेवाव. असंच हाय न रीतीत?"

मला वाटलं, हे आता कालचं सगळं उगाळणार. मी तुटकपणे म्हटलं, "हाव. मंग?"

"मंग मी तुले तू पाळण्यात होती तवापासून माय म्हणून राहिलो." त्यांनी ताटली पुढे केली. "कोणाची माय हायेस तू? वाढ आता. गोळी घेऊन बसलो मी."

ताटलीत वाढताना भाजीचा रस्सा बाहेर सांडला. बाबा खाली पाटावर बसले, घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

"मीठ कमी झालं, माय," म्हणाले.

मी डोळे पुसले आणि ओट्यावरून मिठाचा डबा आणला. माझा.